परसबागेत बारमाही रंग: फुले, भाज्या आणि सुगंधी पाने एकत्र कशी लावावीत

दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेतून फुललेल्या झेंडूच्या आणि शेवंतीच्या कुंड्या आणायच्या, महिनाभर अंगण रंगीत ठेवायचे आणि संक्रांतीपर्यंत वाळलेल्या काड्या उपटून टाकायच्या, असा अनेक घरांचा क्रम असतो. त्या कुंड्यांमध्ये काही दोष नसतो. आपण रंगाचा सगळा भार फुलांवर टाकतो, ही खरी अडचण आहे. झाडाचा रंग तीन ठिकाणी असतो. पानांचा आणि देठांचा रंग काही महिने टिकतो, फळांचा काही आठवडे टिकतो आणि एकेका फुलाचा थोडेच दिवस टिकतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतोच. म्हणून बागेतील रंगाचा पाया रंगीत पानांच्या व फळांच्या भाज्यांनी घालावा, सुगंधी वनस्पतींनी मधल्या जागा भराव्यात आणि फुलांचा बहर हंगाम पाहून त्यावर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील मांडणी पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर अशा पठारी भागातील घरामागच्या साधारण १० फूट बाय १२ फूट वाफ्यासाठी आहे. कोकणात आणि विदर्भात जिथे फरक करावा लागतो, तिथे तसे सांगितले आहे. ज्यांच्याकडे केवळ गच्ची किंवा सज्जा आहे, त्यांनी मिरचीसाठी १२ इंची आणि वांग्यासाठी १५ ते १८ इंची कुंडी धरून हाच क्रम पाळावा.

आधी ऊन पाहावे

बी आणण्यापूर्वी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि दुपारी ४ वाजता वाफ्यावर ऊन कुठपर्यंत येते, ते खडूने किंवा काठ्या रोवून आखून घ्यावे. वांगी, मिरची, टोमॅटो, झेंडू आणि लाल माठ यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. कमी उन्हात ही झाडे जगतात, पण रंग धरत नाहीत. लाल माठ सावलीत हिरवट आणि लांबुडका होतो, कृष्ण तुळशीचा जांभळेपणा ओसरतो आणि झेंडू पानेच वाढवत बसतो.

हंगामाप्रमाणे सावली सरकते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दक्षिण बाजूच्या पाच फुटी कुंपणभिंतीची सावली भर दुपारीही साधारण साडेचार फूट वाफ्यात शिरते. मे महिन्यात लख्ख दिसणारी जागा हिवाळ्यात थंड आणि ओलसर राहते ती यामुळेच. अशा पट्ट्यात पुदिना, अबोली, पानओवा आणि हळद लावावी. हिवाळी फुले तिथे लावू नयेत. याच कारणाने उंच झाडे आणि वेलांचे मांडव नेहमी वाफ्याच्या उत्तर बाजूला ठेवावेत.

माती आणि खत

पठारावरील काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हात तडकते. म्हणून सपाट वाफ्याऐवजी सहा ते आठ इंच उंचीचा गादीवाफा करावा, म्हणजे पावसाचे पाणी मुळांशी साचणार नाही. दर चौरस मीटरला चार ते पाच किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी. १० बाय १२ फुटांच्या वाफ्याला शेणखताचे हे प्रमाण साधारण ५० किलो होते. ओले, कच्चे शेण घालू नये; त्यात हुमणीची अळी येते आणि कोवळी मुळे होरपळतात.

चुलीची राख टाकण्याची जुनी पद्धत कोकणातील जांभ्या, आम्ल जमिनीत उपयुक्त आहे, परंतु काळ्या जमिनी बहुधा मुळातच विम्लधर्मी असल्याने तिथे राखेचा हात आखडताच असावा. नत्राचीही तीच गोष्ट आहे. युरिया किंवा कोंबडीखत सढळ हाताने घातले, तर झाडे हिरवीगार आणि दणकट दिसतात, पण कळ्या कमी लागतात आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) जास्त येतो.

रंगांची जागा

गडद जांभळा आणि तपकिरी लाल हे रंग दुरून मातीत मिसळून जातात. वांग्याचे झाड जवळून कितीही देखणे असले, तरी एकटे लावले तर घराच्या दारातून ते नजरेत भरत नाही. त्याच्या पायाशी बुटक्या पिवळ्या झेंडूची ओळ लावली की पाने, फुले आणि फळे तिन्ही उठून दिसतात. पिवळा व जांभळा ही जोडी आपल्या कडक उन्हातही टिकते. फिकट गुलाबी आणि फिकट निळा मात्र दुपारी पांढुरका वाटतो. असे फिकट रंग आणि पांढरी गुलछडी जिथे संध्याकाळी बसणे होते, त्या बाजूला ठेवावीत.

प्रत्येक जातीचे एकेक रोप आणण्याचा मोह टाळावा. वीस जातींची वीस रोपे लावली की बाग रोपवाटिकेच्या काउंटरसारखी दिसते. त्याऐवजी सहा-सात जाती निवडून प्रत्येकीची पाच-सात रोपे गटाने लावावीत आणि त्यातील एक रंग वाफ्यात दोन-तीन ठिकाणी पुन्हा आणावा.

आमच्या वाफ्यासाठी मी सुचवीन ती रचना अशी आहे: उत्तरेला बांबूच्या मांडवावर जांभळ्या शेंगांचा वाल आणि त्याच्या एका टोकाला निळा गोकर्ण; त्याच्यापुढे लाल अंबाडी आणि हळद; मध्ये दोन ते अडीच फुटांवर वांगी आणि दीड फुटावर मिरची; त्यांच्या मधोमध सब्जा व कृष्ण तुळस; आणि दक्षिणेकडील कडेने लाल माठ व बुटका झेंडू आलटून पालटून. पुदिन्याला मात्र वाफ्यात मोकळे सोडू नये. त्याचे धावते खोड वर्षभरात निम्मा वाफा व्यापते, म्हणून त्याला वेगळी पसरट कुंडी द्यावी.

जूनपासूनची पेरणी

पहिले एक-दोन चांगले पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की लाल माठापासून सुरुवात करावी. त्याचे बी मोहरीपेक्षाही बारीक असते, त्यामुळे ते चारपट कोरड्या वाळूत मिसळून, बोटाने ओढलेल्या अर्धा सेंटिमीटर खोल रेघेत सोडावे आणि वर चाळलेले खत भुरभुरावे. दोन ओळींत २० सेंटिमीटर अंतर असावे. चार-पाच दिवसांत उगवण होते आणि उगवताच दांड्याचा किरमिजी रंग दिसू लागतो. रोपे बोटभर झाली की विरळणी करावी आणि उपटलेली कोवळी रोपे त्याच दिवशी भाजीत टाकावीत. २५ ते ३० दिवसांनी काढणी येते, परंतु रंगासाठी लावलेला माठ सगळा उपटायचा नसतो. जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटला की तो पुन्हा फुटतो आणि दर पाचवे-सहावे रोप तसेच वाढू दिले, तर ऑगस्टपर्यंत ते कमरेपर्यंत येऊन गडद तुरे काढते. भाजी शिजवताना भाताला लागणारा गुलाबी रंग ज्या बीटालेन द्रव्यांचा असतो, तीच द्रव्ये बीटातही असतात. दर पंधरा दिवसांनी असा ताजा रंग हवा असेल, तर एकदम सगळे बी न पेरता दोन-दोन ओळींची पेरणी करत राहावे.

याच वेळी अंबाडी, मायाळू, भेंडी आणि गोकर्ण यांचे बी लावावे. मायाळूची लाल देठाची जात निवडावी. भेंडीत लाल फळांची ‘काशी लालिमा’ ही वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेची जात मिळाली तर अवश्य लावावी. तिचे फूल इतर भेंडीसारखेच पिवळे आणि तळाशी काळसर लाल असते. गोकर्णाचे बी कठीण कवचाचे असल्याने रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. हा द्विदल वेल मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्रही वाढवतो. त्याच्या फुलांतील अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे निळे झालेले सरबत लिंबू पिळताच जांभळे होते आणि लहान मुलांना बागेत ओढून आणायला तेवढे पुरते. अंबाडी जूनमध्ये लावली तरी दिवस लहान होऊ लागल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास फुलते. तिची मांसल लाल बोंडे सरबतासाठी व चटणीसाठी वापरता येतात.

हळदीचे कंद अक्षय तृतीयेच्या सुमारास लावण्याची प्रथा आहे. पावसाळ्यात तिची रुंद पाने वाफ्याला भरदार पार्श्वभूमी देतात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या मधून फिकट पांढऱ्या-गुलाबी रंगाचा फुलोरा येतो आणि कोकण-गोव्यात पातोळ्यांसाठी पाने घरचीच मिळतात.

आता झेंडू. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल, तर तारखेपासून मागे मोजावे. बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगे होण्यास तीन ते चार आठवडे आणि लागवडीनंतर मोठ्या फुलांचा झेंडू फुलण्यास साधारण दोन महिने लागतात. दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस तर कधी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो, म्हणून ठरावीक तारीख न धरता दसऱ्याच्या तीन महिने आधी बी टाकावे आणि दिवाळीसाठी दुसरी पेरणी तीन आठवड्यांनी करावी. लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी मुख्य शेंडा खुडावा. जीव होत नाही, पण खुडायलाच हवा. त्याने पहिले फूल काही दिवस लांबते आणि बाजूच्या फांद्या फुटून फुलांची संख्या वाढते. उंच जातीला दीड ते दोन फूट आणि बुटक्या जातीला एक फूट अंतर पुरते. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये मातीतील सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या अतिसूक्ष्म जंतांना) मारक असल्याने, जिथे यंदा झेंडू होता तिथे पुढील हंगामात टोमॅटो किंवा वांगी लावणे फायद्याचे ठरते.

गौरींसाठी तेरडा आणि कडेला पिवळा-केशरी कॉसमॉस हे जूनमध्ये थेट पेरता येतात. दोन्ही फार काही मागत नाहीत.

शेवंतीचे गणित

शेवंती हे पीक थोडे समजून घेण्यासारखे आहे, कारण ती फुलली नाही अशी तक्रार जिथे तिथे ऐकू येते. शेवंती दिवस लहान आणि रात्री मोठ्या झाल्यावरच कळ्या धरते. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती उन्हाळ्यात ज्या काश्या फुटतात, त्या मुळांसकट वेगळ्या करून एप्रिल-मे महिन्यात लावाव्यात, म्हणजे कळी धरण्यापूर्वी झाडाला वाढीसाठी पुरेसा काळ मिळतो. जुलै आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोनदा शेंडे खुडावेत, त्यानंतर मात्र हात लावू नये. सप्टेंबरात खुडलेला शेंडा म्हणजे खुडलेले फूल होय.

एवढे सगळे करूनही झाड हिरवेच राहिले, तर रात्री बाहेर जाऊन पाहावे. रस्त्यावरचा दिवा किंवा जिन्यातील रात्रभर जळणारा दिवा थेट झाडावर पडत असेल, तर झाडाला रात्र लांब झाल्याचे कळतच नाही आणि फुलणे लांबते. एकाच ओळीतील दिव्याजवळची झाडे हिरवी आणि कोपऱ्यातील अंधारातली झाडे कळ्यांनी भरलेली, असे चित्र दिसले की कारण शोधायला दुसरीकडे जावे लागत नाही. कुंडी असेल तर ती अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी. वाफ्यात असेल तर दिव्याच्या बाजूने काळे कापड किंवा चटई उभी करावी.

हिवाळा: सर्वांत श्रीमंत हंगाम

पठारावर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रंगाचा खरा सुकाळ असतो. थंड रात्री आणि स्वच्छ ऊन यांमुळे जांभळी-लाल द्रव्ये अधिक गडद होतात. लाल कोबी, लाल लेट्यूस आणि जांभळे वांगे यांना या दिवसांत जी झळाळी येते, ती उन्हाळ्यात येत नाही. कोबीची रोपे सप्टेंबरात तयार करून ऑक्टोबरमध्ये दीड फुटावर लावावीत. गड्डा भरेपर्यंतचे तीनेक महिने त्याची निळसर-जांभळी पाने हेच मोठे फूल असते. बीट, गाजर आणि लाल मुळा थेट पेरावेत. वांग्यांत जांभळ्यावर पांढऱ्या रेघांची मांजरी गोटा ही पुण्याजवळच्या मांजरीच्या नावाने ओळखली जाणारी जात भरल्या वांग्यासाठी आणि डोळ्यांसाठीही उत्तम आहे.

टोमॅटोची लागवड ऑक्टोबरअखेरपर्यंत उरकावी. पारा ३० अंशांच्या बराच वर गेला की टोमॅटोतील लाल रंगाचे लायकोपीन नीट तयार होत नाही, पिवळी-केशरी द्रव्ये मात्र होत राहतात. एप्रिलमधील फळे पिवळट राहतात ती याच कारणाने. पाच-सहा टोमॅटोंमागे एक झेंडूचे रोप असावे. फळे पोखरणारी अळी अंडी घालण्यासाठी झेंडूची फुले पसंत करते, आणि म्हणून टोमॅटोला कळी येईल तेव्हा झेंडू फुललेला असावा यासाठी त्याची रोपे दोन आठवडे आधीची घ्यावीत. अळ्या दिसलेली झेंडूची फुले वेचून नष्ट करणे हाही या कामाचाच भाग आहे.

फुलांत झिनिया थेट पेरावा, तो दोन महिन्यांत फुलतो. नस्टर्शियम कडेला सोडावे. त्याची केशरी फुले आणि तिखटसर पाने कोशिंबिरीत चालतात. पिटुनिया व डायन्थस यांचे बी अतिशय बारीक असल्याने सुरुवातीला तयार रोपेच आणलेली बरी.

सुगंधी पानांना फुलू द्यावे

आपण कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि सब्जा फुलू लागले की उपटतो. रंगीत बागेत यांतील निदान चौथा भाग फुलण्यासाठी राखून ठेवावा. शेपूचे पिवळे छत्रीसारखे तुरे लाल कोबीमागे फार शोभतात, कोथिंबिरीची पांढरी फुले गडद रंगांना मोकळेपणा देतात आणि सब्जाच्या जांभळट मंजिऱ्यांवर फुलोरी आणि सातेरी मधमाश्या सकाळभर असतात. याच छत्रीदार फुलांवर मधासाठी येणाऱ्या सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा खातात, त्यामुळे शेजारच्या वालावरची फवारणी पुष्कळ कमी होते. तुळशीच्या अर्ध्या मंजिऱ्या खुडून पाने कोवळी ठेवावीत आणि अर्ध्या माश्यांसाठी सोडाव्यात.

धने पेरण्यापूर्वी चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करावेत आणि रात्रभर भिजवावेत. उगवणीला आठ ते दहा दिवस लागतात. कढीपत्ता आणि लिंबाच्या पानांवर हिरव्या, सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्या, तर झाड मोठे असल्यास त्यांना राहू द्यावे. त्यांची फुलपाखरे होतात, आणि २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले ब्ल्यू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. मला विचाराल तर बागेतील निळ्या रंगाची तीही एक पेरणीच आहे.

उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीत

मार्चनंतर नवीन नाजूक रोपे लावू नयेत. गलांडा, चिनी गुलाब आणि बुटके सूर्यफूल फेब्रुवारीत लावून घ्यावे. कडक उन्हात आणि बेताच्या पाण्यावर टिकणारा लाल-पिवळा रंग यांच्याइतका दुसरा कुणी देत नाही. मिरचीची झाडे हिरवी तोडत राहण्याऐवजी एखाद्या झाडावरील फळे लाल होऊ द्यावीत. अर्धसावलीत अबोली फुलत राहते. सकाळी लवकर पाणी देऊन मातीवर उसाचे पाचट, वाळलेली पाने किंवा गवत तीन बोटे जाड पसरावे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलपासून भाज्यांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी, पश्चिम बाजू विशेष झाकावी.

कीड आणि सावधगिरी

आपण येथील पाने खाणार आहोत, हे फवारणीपूर्वी आठवावे. मावा आणि तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, एक लिटर होईल इतके पाणी घालावे आणि मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे. वांग्याचा शेंडा अचानक मलूल झाला, तर आत अळी आहे असे समजून तो कोमेजलेल्या भागाच्या दोन बोटे खालून कापावा आणि वाफ्याबाहेर नष्ट करावा. झिनियावर पांढरी भुरी येते ती दाटीमुळे, म्हणून रोपे विरळ ठेवावीत आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्यावे.

कण्हेर, धोत्रा आणि सदाफुली विषारी आहेत. ती अन्य ठिकाणी जरूर लावावीत, पण जिथून मुले आणि पाहुणे भाजी खुडतात त्या वाफ्यात नकोत. तसेच रोपवाटिकेतून फुलांसकट आणलेल्या रोपांवर औषधे फवारलेली असू शकतात. त्यांवरील पहिली फुले खाण्यासाठी वापरू नयेत.

बी धरणे

लाल माठ, अंबाडी, तेरडा, गोकर्ण, वाल आणि धने यांचे बी घरी धरता येते. संकरित झेंडूच्या बियांपासून मूळ झाडासारखी फुले येतीलच असे नाही, म्हणून त्याचे बी विकतच घ्यावे. निवड करताना सर्वांत गडद रंगाचे झाड आधीच दोरा बांधून ठेवावे, म्हणजे चुकून ते भाजीत जात नाही. माठाचा तुरा वाळू लागला की कागदावर झटकून काळे चकचकीत बी गोळा करावे. तेरड्याच्या बोंडांना हात लागताच ती फुटतात, त्यामुळे पिवळसर झालेली बोंडे सकाळच्या दवात, मुठीत धरूनच तोडावीत; गोकर्णाच्या शेंगा पूर्ण तपकिरी झाल्यावर, पण तडकण्यापूर्वी काढाव्यात. बी सावलीत आठवडाभर वाळवून, कागदाच्या पुड्यांवर नाव आणि महिना लिहून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.